चारीतली हळद

चैत्र वद्य पंचमी, उमरी

पाणी आलं! कालव्याच्या शेवटच्या चारीला, अक्काच्या करपत चाललेल्या भुईमुगापर्यंत. खरंच आलं ना? हो, माझे पाय अजून पिवळे आहेत. भगीरथानं तप केलं. पाटबंधारे खात्याच्या अभियंता बाईंनी वरच्या गावांच्या कालव्यावरच्या दारांना कुलपं ठोकली. आधी शेवटच्या शेताला पाणी, हा नियम जुनाच, पाळला मात्र आज.

चारी कोरडीच राहणार या अढळ श्रद्धेनं गावानं तिच्यात शिजवलेली हळद वाळत घातली होती. केवढी पळापळ! पाणी पिवळंधमक.

“अक्का, हळद गेली की तुझी!” बातमीसाठी वही काढत मी म्हणालो.

ती गुडघाभर पाण्यात उभी, हसत राहिली. “जाऊ दे रे! भुईमूग वाचला न्हाई का? बातमी मंग लिव, आधी बांध फोड.”

खोरं मारलं. सरीत पाणी शिरलं आणि आम्ही दोघं भावंडं पोरांसारखी ओरडलो.