गाडी तुझ्या घरचं पाणी प्याली

प्रिय सोनल,

आम्ही सुखरूप पोचलो. गोकुळनं फोनवर सांगितलंच असेल, पण मी स्वतः कळवल्याशिवाय माझ्या जिवाला चैन नाही. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

तुझ्या भावानं ही जुनी व्हॅन घेतली तेव्हापासून मी धास्तावलेला आहे. दार सरकवलं की हातात येईल असं वाटतं. ब्रेक ओढलेला असला तरी रोज चाकामागं धोंडा लावतो. गोकुळ हसतो, "आबा, गाडी हाय ती, बैल न्हाई दावं तोडायला." पण आपलं घर उतारावर, काय नेम सांगावा?

तरी पोरी, तुझ्याकडं आलो त्या दिवशी मी थक्क झालो. आपल्या तळेघरातून निघताना धुक्यात पुढचं झाड दिसत नव्हतं आणि जेवणवेळेच्या आत तुझ्या आणे गावाचं ते उघडं पठार! तुझ्या लग्नाला याच वाटेला आमचे दोन दिवस मोडले होते. तुझी आई खिडकीतून हात बाहेर काढून वारा धरत होती. ओरडलो तरी ऐकेना. गोकुळनं मुद्दाम खोडदवरून गाडी घातली. रानात दुर्बिणीच्या त्या घराहून मोठ्या जाळीच्या तबकड्या, सगळ्या एका दिशेला हळूहळू वळत होत्या. "आभाळातला आवाज ऐकत्यात," तो म्हणाला. मी टोपी काढली. नमस्कार कुणाला केला ते मलाही कळलं नाही.

पुढं घाटात गाडी तापली. तुझ्या दारात आलो तेव्हा वाफ निघत होती. आणि मी काय केलं, तू पाहिलंस. घरून आणलेला पाण्याचा कॅन काढला, नाचणीच्या भाकरी सोडल्या, तुझ्या ओट्यावर बसून आपलंच खाल्लं, आपलंच प्यालो. नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणी घेऊ नये, ही आपल्या घराची रीत. अकरा वर्षं पाळली. तू भरून आणलेला तांब्या तसाच आत नेलास.

मग गाडी निवल्यावर तू दोन कळश्या घेऊन आलीस. तुमच्या वस्तीला टँकर आठ दिवसांनी येतो, हे जावईबापूंनीच सांगितलं होतं. गोकुळनं सीट उचलून इंजिनाच्या पाण्याचं झाकण काढलं, तू पदर खोचून ओतलंस, थेंब सांडला नाहीस. गाडी गटागटा प्याली.

परतीला माझी नजर गाडी किती तापली ते दाखवणाऱ्या काट्यावरच. कॅन संपला होता. मी पाणी मागितलं तर तुझी आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तुमची रीतच प्या आता!" घोडेगाव गेलं, आपला सगळा चढ गेला, काटा हलला नाही. दारात धोंडा लावायला वाकलो आणि गाडीवर हात ठेवला. पोटात तुझं पाणी, अंग कोमट. कुठं तुझं आणे, कुठं आपलं तळेघर! एवढ्या लांब तुझ्या दोन कळश्यांनी आम्हाला घरी आणून सोडलं. हात काढवेना.

म्हणून लिहायला बसलो. येत्या सोमवारी गाडी काढायला सांगितली आहे. मूल होवो न होवो, त्याचा आता हिशेब नाही. कॅन घेणार नाही, भाकरी बांधणार नाही. धोंडा तेवढा बरोबर आणतो. ओट्यावर नको, आत चुलीपाशी बसेन. तोच तांब्या भरून ठेव, मी वाटेत कुठंही पाणी पिणार नाही.

तुझाच,
आबा