ढोलीमागची कातीण

माय, ती आज पुन्हा दिसली. आपल्या घरात नाही, माझ्या घरात, कपाटामागच्या भिंतीवर. तीच तळहाताएवढी, चपटी, मातकट कातीण, पोटाखाली रुपयाएवढी पांढरी चकती धरून बसलेली. सून 'कोळी, कोळी' करत झाडू घेऊन धावली. मी म्हटलं, खबरदार. आणि बसले तुला लिहायला, कारण तुझ्यामाझ्यातलं भांडण अजून मिटलेलं नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता पोरगी माघार घेईल, असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाक.

धान कापणीला आलं होतं. नवं धान घरात यायच्या आधी घर झाडून-पोतारून घ्यायचं, आणि ते काम नव्या सुनेचं, हा तुझाच नेम. वयनी वैनगंगेपलीकडची, आरमोरीकडच्या जंगलातल्या गावची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिनं घरातलं एकूण एक जाळं काढलं, धान साठवायची बांबूची ढोली सरकवून मागची भिंत पोतारली, आणि ही एक कातीण तेवढी ठेवली. आपल्या गावात अशी कोणी पाहिली नव्हती. जाळं नाही, काही नाही, नुसती भिंतीला चिकटलेली. दुसऱ्या दिवशी तुझ्या धाकट्याच्या मानेवर लालभडक पट्टा उठला, पोळल्यासारखे फोड आले, लेकरू रडून रडून बेजार. तू गेरू उगाळून लावलास आणि म्हणालीस, "कातीण मुतली याच्यावर." मग घर धुंडाळत ढोलीमागे गेलीस.

"हे काऊन नाई काढली वं?"

वयनी खाली मान घालून म्हणते, "तिच्या पोटाखाली अंडे हायेत, बाई. आमच्याइथी लेकुरवाळीले घराभाईर नाई काढत."

"अंडे? विषाची थैली हाय ते! माह्या लेकरावर सोडली तू तिले!"

बस्स, तुझा निकाल झाला. तिच्या भावाला निरोप गेला, गाडी घेऊन ये आणि बहिणीला घेऊन जा. दादा तिचा नवरा, पण तुझ्यापुढे त्याच्या तोंडात कायम मूग. बा अंगणात बिडी ओढत बसला. अशी माहेरी धाडलेली सून कोणी परत आणत नाही, हे मला त्या वयातही कळत होतं. तुला कळत नव्हतं असं सांगू नकोस. वयनी चुलीपुढे बसून भाकरी थापत होती आणि पदरानं नाक पुसत होती. मला तुझा असा राग आला, असा राग आला, की मी त्या दिवशी तुझ्या हातचं जेवले नाही.

तू धाकट्याला घेऊन पडलीस तेव्हा मी त्या कातिणीवर बांबूचं शिबलं पालथं घालून तिला धरलं. फटींतून काडीनं डिवचलं. ती पळाली, अंग चोरून बसली, पण चकती सोडली नाही. मी विचार केला, विष असतं तर फेकलं असतं की माझ्यावर. एवढं जपून कोण धरतं? वयनी खरं बोलते. पण घरात वयनीचं खरं कोण ऐकणार, आणि माझं तर त्याहून नाही.

म्हणून तिचा भाऊ गाडी सोडून ओसरीवर टेकला, शेजारच्या बायाही गोळा झाल्या, तेव्हा मी खाली सूप सारून शिबलं अंगणात आणलं आणि आत हात घातला. "पाहा आता! फिरवून राह्यली मी हिले अंगावर. फोड आला तं धाडा वयनीले!" कातीण बोटांवरून मनगटावर आली. कोणी हललं नाही. आणि तू, कातिणीचं नाव काढलं की थू थू करणारी तू, हातातला तांब्या टाकून धावलीस आणि उघड्या तळव्यानं तिला झटकलंस. ती चकतीसकट कुडावर चढून गेली. तू माझं मनगट धरून उलटसुलट पाहत राहिलीस आणि त्या भावाला म्हणालीस, "जेव भाऊ. दोन-तीन रोज राहा. पाहू."

माझ्या हाताला काही झालं नाही. तू म्हणालीस, "तुहं रगतच कडू हाय, तुले काय होते!" मी विचारलं, "मंग तुह्या तळहाताले काऊन नाई झालं?" तर उलथणं उगारलंस. भाऊ रिकामी गाडी घेऊन गेला. वयनी राहिली. शेवटच्या दुखण्यात तुझं सगळं तिनंच केलं, तोंडातून ब्र न काढता. पण 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द तुझ्याच्यानं कधी बोलवले नाहीत. मग ऐक. खरा चोर मला फार उशिरा कळला. धानाच्या दिवसांत कंदिलावर येतो ना, मुंगीसारखा लाल-काळा किडा, तो अंगावर चिरडला की कातडी पोळते. आणि आदल्या संध्याकाळी धाकट्याला मांडीवर घेऊन त्याच्या मानेवर चापट कोणी मारली होती, माय? मी समोरच बसले होते. घे, आता उगार उलथणं.

नातवंडांना ही गोष्ट मी छाती काढून सांगते, की हात जराही हलू दिला नाही. हे पत्र काही कुठे टाकायचं नाही, तेव्हा तुला म्हणून सांगते. ती मनगटावरून कोपराकडे निघाली आणि माझं सगळं अवसान गळालं. हात दगडासारखा झाला, झटकताही येईना. लोक म्हणतात तू आपणहून धावलीस. नाही. मी 'माय' म्हटलं होतं, ओठातल्या ओठात. शेजारी उभ्या बायांनाही ते ऐकू गेलं नाही, आणि तू तर पार दाराशी होतीस.