सार्जंट ट्रेडवेंची साक्ष

१० सप्टेंबर २०१९, मंगळवार

तारीख आली. चोवीस ऑक्टोबर! पाकीट फोडताना अंगठा कापला, तेही नंतर कळलं.

लष्कराचं पुनर्विचार मंडळ मला समोर बोलावतंय. माझ्या सेवामुक्तीच्या कागदावर 'सन्मानाने' हा शब्द नाही. तो मिळावा, एवढाच माझा अर्ज. अशा अर्जाला सेवामुक्तीपासून पंधरा वर्षांची मुदत असते, ती फेब्रुवारीत संपते. ते नाही म्हणाले, तर सैनिकांच्या दवाखान्याचं दार मला बंदच राहणार. आणि दवाखान्यावाचून हे डोकं आता फार दिवस चालणार नाही.

१४ सप्टेंबर

आईने नवाच घोळ घातलाय. नोव्हेंबरात माजी सैनिकांच्या दिवसासाठी गावातल्या विजेच्या खांबांवर सैनिकांचे मोठाले फोटो लावतात. तिने माझं नाव देऊन टाकलं!

"स्टॅनचा पोरगा अलास्कात नुसता बटाटे उकडत होता, तो गेल्या वर्षी टांगला होता बेकरीसमोर. तू तर इराकात होतास!"

समितीच्या मिसेस ड्रॉझना माझ्या कागदाची प्रत हवी आहे. त्यावर काय लिहिलंय ते आईला ठाऊक नाही.

"शोधतो," म्हणालो.

"शोधतो काय? तो फ्रीजवर चिकटवायचा असतो!"

'शोधतो' हे खोटं धरायचं का? कागद कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे.

२ ऑक्टोबर

वकीलबाईंकडे गेलो. इमोजेन प्रॅट माझ्यासारख्यांच्या केसेस फुकट घेतात. डॉक्टरांचा अहवाल त्यांना फार आवडलाय – लढाईमुळे मनावर आघात, वगैरे.

"परत का गेला नाहीत, हे मंडळ विचारणारच. 'आजारी होतो' म्हणा आणि थांबा."

"मी घाबरलो होतो."

"तेच ते."

"तेच ते नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मिस्टर विसॉकी, तुम्ही आपल्याच बाजूने आहात ना?"

घडलं ते साधंच. रजेवर आलो आणि परतीच्या विमानात चढलो नाही. ओहायोत तेरेसामावशीच्या गॅरेजवरच्या खोलीत महिनाभर पडून राहिलो, मग स्वतःच हजर झालो. आजारी होतो की भ्याड? डॉक्टरीणबाईंना एका दुपारीत कळलं. मला अजून कळत नाही.

९ ऑक्टोबर

प्रॅटबाईंनी माझ्या जुन्या तुकडीतल्या सगळ्यांना लिहिलं होतं. एकाचंच उत्तर आलं – सार्जंट ट्रेडवे! फोनवरून साक्ष देणार म्हणे.

"माझ्या बाजूने की विरुद्ध?"

"तेच सांगत नाहीत. 'जे सांगायचं ते मंडळालाच सांगीन' म्हणाले. नको असतील तर आत्ताच सांगा. मीही नको म्हणेन."

ट्रेडवे कधी शिव्या देत नसत. नुसते बघत. त्यापेक्षा शिव्या परवडायच्या. मी त्यांची तुकडी अर्ध्यात सोडली. फोनवरून ते दिसणार नाहीत, पण ते बघणं मला ऐकू येईल.

भीतीपोटी त्यांचं तोंड बंद करायचं, म्हणजे पुन्हा विमान चुकवणंच की.

१० ऑक्टोबर

"बोलू द्या" असं प्रॅटबाईंना कळवलं. फोन ठेवल्या ठेवल्या पस्तावलो.

१९ ऑक्टोबर

दुकानात मिसेस ड्रॉझ. "कॉन्रॅड! कागद! खांब माझ्यासाठी थांबलेत, पण शिडीवाला थांबणार नाही हं!" मी हसलो. दूध न घेताच बाहेर आलो.

२४ ऑक्टोबर

झालं.

टेबलापलीकडे पाच अधिकारी. मधोमध कर्नलबाई. त्यांनी विचारलंच – "परत का गेला नाहीत?"

"घाबरलो होतो, मॅडम. आजारी होतो की नाही, ते डॉक्टर सांगतील." शेजारी प्रॅटबाईंचं पेन थांबलं.

मग टेबलावरच्या फोनमधून ट्रेडवे. आवाज म्हातारा झालाय.

"हा चिलखत घालत नव्हता, मॅडम. गस्तीच्या गाडीत तसाच बसायचा. मी ओरडलो की घालायचा, मी वळलो की काढायचा. मरणाला भिणारा माणूस चिलखत काढतो का? म्हणून मी त्याचा नंबर नसताना त्याला रजेवर पाठवला."

"तो परत येईल असं वाटलं होतं?"

"येऊ नये, अशी प्रार्थना करत होतो."

मला चिलखताचं काही, काहीसुद्धा आठवत नाही. पळून जाणारा कॉन्रॅड मला ओळखीचा होता. हा दुसरा कोण? आणि तो गेलाय का कुठे?

२७ ऑक्टोबर, रविवार

आईला सांगून टाकलं. ती पिरोगीसाठी कणीक मळत होती.

"म्हणजे पळालास?"

"हो."

"तेरेसाकडे?"

"हो."

"आणि ती सटवी इतकी वर्षं मला एका शब्दाने बोलली नाही!" कणकेवर दोन बुक्क्या. मग पिठाच्या हातांनीच फोन उचलला. "ड्रॉझबाई, या वर्षी राहू दे. फोटोत डोळे मिटलेत त्याचे."

माझ्याकडे न बघता म्हणाली, "जेवून जा."

१२ डिसेंबर

मिळाला! 'सन्मानाने.' उभ्याउभ्या वाचला, मग बसून वाचला. आईने फ्रीजवरची चुंबकं काढून धुतली.

मी अजून पत्रात चूक शोधतोय.

१५ डिसेंबर, रविवार

आभार मानायला ट्रेडवेंना फोन केला.

"ते सोड, पोरा. तुझ्या त्या वकीलबाई माझी केस घेतील का?"

मी परतलो नाही म्हणून रजेची चौकशी झाली होती. नंबर डावलून माणूस पाठवला म्हणून त्यांनाही काढलं. त्यांचा कागद माझ्या जुन्या कागदासारखाच. मंडळाला हे त्यांनी सांगितलं नाही. माझी केस बिघडली असती, म्हणाले.

"मुदत संपत आलीय. साक्षीला कुणी नाही." मग म्हणाले, "भीती वाटते रे."