आमदार मामा आणि बोरसीचा नाला

भिलाई नगर, सेक्टर पाच,
डिसेंबर १९६७

तीर्थस्वरूप पंजाबराव भाऊजींच्या चरणी दौलतचा नमस्कार पोचावा.

आपली कंबर आता कशी आहे? आमगावची थंडी यंदा फार आहे असे ऐकतो, तेव्हा पहाटे उघड्या अंगाने विहिरीवर आंघोळ करण्याचा हट्ट सोडावा, असे लहान तोंडी मोठा घास घेऊन सांगतो. कलाताईचा दमा बरा असावा. इकडे आम्ही सुखरूप आहो. (पत्रात हा शब्द लिहावाच लागतो म्हणून लिहिला. खरे पाहता माझी भूक गेली आहे, आणि कोणी कडी वाजवली की मी आधी मोरीत शिरतो आणि तिथून 'कोण आहे' म्हणून विचारतो. वसुंधरा म्हणते, चोर आला तर तो तुम्हालाच पाहून पळेल.)

आपले शेषरावमामा आमदार झाले हे आपण पेपरात वाचलेच. कसे झाले ते मात्र पेपरात आले नाही. आपल्याला ठाऊक आहे, मामांनी जन्मभर मालगाडीवर गार्डकी केली आणि त्या जन्मात कोणालाही 'नाही' म्हटले नाही. बोरसीच्या बाया भाजीच्या पाट्या घेऊन दुर्ग स्टेशनावर उभ्या राहायच्या. त्यांना पावरहाऊस स्टेशनला उतरून कॅम्प-१ च्या बाजारात बसायचे असे. 'गार्ड बाबू, पाटी ठेवू का?' म्हटले की मामा हो म्हणत. पाटीमागून बाई चढे, बाईमागून तिची सासू. एकदा म्हणे गार्डाच्या डब्यात मुळ्याच्या इतक्या जुड्या भरल्या होत्या की हिरवी झंडी कुठे आहे ते मामांना सापडेना आणि त्यांनी मुळ्याचा पालाच हलवला. (गाडी सुटली, हे विशेष.) पेन्शनीत निघाल्यावर मामा बोरसीतच घर बांधून राहिले. या साली निवडणुकीत दोन मोठे उमेदवार उभे झाले, आणि एकमेकांची मते कापावी म्हणून दोघांनीही मामांना उभे राहायला सांगितले. मामा दोघांनाही हो म्हणाले. दोघेही त्यांना आपला माणूस समजून निर्धास्त राहिले, आणि भाजीवाल्या बायांनी मामांना निवडून दिले. निकाल ऐकून तुळसामामी इतकेच बोलल्या, "आता यायले भोपाळले कोन सांभाळीन?"

भोपाळला मामांनी एकच भाषण केले. बोरसी आणि दुर्गच्या मधात जो नाला आहे त्यावर पुलिया बांधा, असे ते भाषण. त्यात खोटे काही नव्हते. मागच्या बरसातीत बोरसीची गयाबाई बाळंतपणात अडली, नाल्याला पूर, पलीकडे दवाखाना. खाटेवर घालून काठापर्यंत आणली आणि काठावरच बाळंत झाली. ती वाचली, लेकरू गेले. मामा त्या दिवशी छत्री धरून तिथे उभे होते, आणि तेव्हापासून ते नाल्याकडे पाठ करून बसतात. ते सगळे त्यांनी सभागृहात सांगितले. मंत्रीसाहेब म्हणाले, विचार करू. मामा म्हणाले 'बरं' आणि खाली बसले.

पुढे सरकार डगमगायला लागले. आज हा आमदार इकडे, उद्या तोच तिकडे, असे सुरू झाले आणि एकेका माणसाला सोन्याचा भाव आला. बोरसीला मामांच्या अंगणात एक पांढरी जीप येऊन उभी झाली. त्यातले साहेब म्हणाले, आमच्याकडून हात वर करा. मामा हो म्हणाले. मग हिरवी जीप आली. त्यातले शेटजी म्हणाले, आमच्याकडून करा. भाऊजी, पुढे काय झाले असेल ते आपल्यासारख्या शिक्षकाला सांगायला नको.

एका दुपारी मी कारखान्यातून येऊन पाहतो तो मामा आमच्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या पेटीवर बसलेले.

"दौलत, मले चार दिवस लपव."

"कावून? काय केलं तुमी?"

"काहीच नाही केलं रे. दोघायलेही हो म्हटलं."

मी कारखान्याचा नोकर. राजकारणात सापडलो तर नोकरी जायची. त्यातून माझ्या सीनियर क्लार्कीचा कागद ज्यांच्या टेबलावर आहे ते आमचे हेडक्लार्क ओमप्रकाशजी भिंतीला भिंत लावून राहतात. भिंत अशी की त्यांनी पलीकडे वरणाला फोडणी दिली तर ठसका आम्हाला लागतो. आणि मामांचा आवाज मालगाडीच्या एका टोकापासून इंजिनापर्यंत जाणारा. मी म्हटले, मामा, हळू बोला. मामा 'हो' म्हणाले, तेच मुळी क्वार्टरांच्या अख्ख्या ओळीत ऐकू गेले.

दुसऱ्या दिवशी ओमप्रकाशजींनी विचारलेच, "दौलतजी, मेहमान आए हैं?" माझ्या तोंडून निघाले की मामा आहेत, डोळे आले आहेत, उजेड सोसत नाही, म्हणून बाहेर निघत नाहीत. मला वाटले, किती छान खोटे बोललो. पण भाऊजी, चांगला शेजारी हा वाईट शेजाऱ्यापेक्षा महाग पडतो. "आँख का मामला है, लापरवाही मत कीजिए," म्हणून ते संध्याकाळी आपल्या ओळखीच्या एका वैद्याला घेऊन हजर. मी चहा करायला आत गेलो आणि परत येतो तो मामांच्या दोन्ही डोळ्यांत हिरवे मलम आणि वर कानामागून बांधलेली पट्टी. वैद्यबुवा बजावून गेले की आठवडाभर उघडायची नाही. ते गेल्यावर मी कपाळाला हात लावला.

"मामा, तुमचे डोळे तर चांगले आहेत!"

"होते. आता काही दिसून नाही राहिलं. त्यानं इचारलं, पट्टी बांधू का? एवढा घरी आलेला मानूस, त्याले काय म्हनू?"

मला तेव्हाही वाटले की चला, बरे झाले, पट्टीत कोणी ओळखणार नाही. सकाळी वसुंधरा अंघोळीला गेली होती, मी दाढी करत होतो, आणि रस्त्यावर भाजीवालीची हाक आली. ती बोरसीची रुक्मा. तिची पाटी मामांच्या डब्यातून किती वेळा गेली असेल याला हिशेब नाही. मुळे घ्या म्हणून ती ओरडली, "मुरई ले लेवव!" आणि मामांच्या तोंडून जुन्या सवयीने निघाले, "ठेव रुक्मा, ठेव, जागा आहे!" मी साबणाच्या तोंडाने धावलो, तोपर्यंत मामा भिंत चाचपत दारात. रुक्माने पट्टी पाहिली, पाटी टाकली आणि असा हंबरडा फोडला की कारखान्याच्या रशियन साहेबांच्या बंगल्यापर्यंत गेला असावा: "हाय दाई! हमर गार्ड बाबू के आँखी फोर दिन!"

दुपारच्या आत बातमी दुर्गला पोचली आणि वाटेत मोठी झाली. आमदाराला कोंडले, आमदाराचे डोळे काढले, काढणारा कारखान्याचा क्लार्क आहे आणि तो तोंडाला फेस आणून धावतो. (तो साबण होता, हे मी कोणाकोणाला सांगू?) बोरसीच्या बाया रडत आल्या. तुळसामामी रिक्षातून उतरल्या, मामांच्या तोंडाजवळ जाऊन त्यांनी पट्टी हुंगली आणि म्हणाल्या, "हे तर गाईच्या खुराले लावतात ते मलम." मग पांढरी जीप आली, मागून हिरवी. पांढऱ्या जीपचे साहेब म्हणाले, हे हिरव्यांचे काम. हिरव्या जीपचे शेटजी म्हणाले, हे पांढऱ्यांचे. दोघांनीही माझ्याकडे बोट केले. ओमप्रकाशजी बिचारे खऱ्या मनाने सगळ्यांना सांगत होते की मामा बाहेर निघत नाहीत, असे दौलतजींनीच मला सांगितले होते. मी तुळशीच्या कुंडीमागे उभा होतो, भाऊजी. कुंडी लहान आहे.

दोघांनी मामांचा एकेक हात धरला. साहेब म्हणाले, चला जीपमध्ये. शेटजी म्हणाले, शब्द आम्हाला दिला आहे. तेव्हा रुक्मा मधात घुसली. ती पुढाऱ्यांकडे पाहीनाच, मामांनाच बोलली. तिचे म्हणणे असे, की आम्ही तुम्हाला मत दिले ते लपायला दिले काय? गयाबाईच्या वेळेस तुम्ही रडले होते, आम्ही पाहिले. आणि मग दोन्ही जीपांकडे वळून, "जेन पुलिया बनाही, ओखरे कोती हमर गार्ड बाबू!" म्हणजे, जो पुलिया बांधील त्याच्या बाजूने आमचा गार्ड.

साहेब हसून म्हणाले, पुलिया होईलच, आधी जीपमध्ये बसा.

मामांनी हात सोडवून घेतले. कानामागची गाठ सोडली, पट्टी काढली, डोळे चोळले. ते लालबुंद झाले होते. आणि म्हणाले, "नाही."

भाऊजी, मी मामांना लहानपणापासून ओळखतो. त्यांच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता, आणि त्यांनीही ऐकला नसावा, कारण कोण बोलले म्हणून त्यांनीच मागे वळून पाहिले. मग पुन्हा म्हणाले, "नाही बसत. आधी पुलिया. तोपर्यंत मी कोनाचाच नाही." तुळसामामींनी तोंडाला पदर लावला. हसल्या का रडल्या, ते मला कुंडीमागून दिसले नाही.

जीपा गेल्या. आणि नवल पाहा, त्याच आठवड्यात बोरसीच्या बाजूला गिट्टीचे ट्रक उतरले, ते पांढऱ्यांचे. ते ऐकून दुर्गच्या बाजूला सिमेंट पडले, ते हिरव्यांचे. आता नाल्याच्या दोन्ही काठांवरून दोन मुकादम एकमेकांना शिव्या घालत पुलिया बांधून राहिले आहेत. मधात ती जुळेल की एक बाजू वर आणि एक खाली येईल, ते देवालाच ठाऊक. पण काम असे चालले आहे की रुक्मा म्हणते, सरकार रोज पडायला पाहिजे. अडचण एकच. मामा कोणाच्याही एकाच्या हाती लागले तर दुसऱ्याचे काम त्याच घटकेला बंद पडेल, आणि अर्धी पुलिया ही नाल्यापेक्षा वाईट. म्हणून पुलिया जुळेपर्यंत मामा सापडता कामा नयेत.

इथे ते आता शक्य नाही. ओमप्रकाशजी मला नोकरीवरून काढवतील म्हणून माझी गाळण उडाली होती. ते आले, दार लावून घेतले आणि आपल्या पुतण्याच्या बदलीचा अर्ज मामांच्या हाती दिला. मामा काय म्हणाले असतील? (तो 'नाही' त्या एका दिवसापुरताच होता, असे दिसते.) त्यांच्यामागून समोरचे आले, मग मागच्या ओळीतले. काल नंदिनी नगरहून एक गृहस्थ खाणीत बैलांसाठी पाण्याचा हौद मागायला आले होते. सगळ्या सेक्टरात आमचे घर आता 'आँखवाले मामाजी का क्वार्टर' म्हणून ओळखले जाते. लपवलेला आमदार शोधायला पत्ता विचारावा लागत नाही, अशी स्थिती आहे.

आपल्याकडून मला काहीच नको. आपण वडीलधारे, मन मोकळे करायला दुसरे कोण आहे? ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कंबरेला ओव्याचा शेक द्यावा.

आपला लाडका (निदान आजपर्यंत),
दौलत

ता. क. हे पत्र पोष्टाने आले नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. घेऊन आलेले, डोक्याला मफलर गुंडाळलेले गृहस्थ ओट्यावर उभे आहेत, त्यांना आत घ्यावे. आमगाव दुसऱ्या राज्यात पडते, तिथे जीपा येणार नाहीत. ते कलाताईचेही सख्खे मामाच आहेत, तेव्हा नाही म्हणता येणार नाही. शाळेत कोणी पाहुणा म्हणून भाषणाला बोलावले तर मात्र पाठवू नये.

दुसरे ता. क. मागे पाटी घेऊन उभी आहे ती रुक्मा. मामांवर लक्ष ठेवायला बायांनी तिला पाठवले आहे. तिला भात लागतो, पोळी चालत नाही. मामांना कोणी काही मागायला लागले की ती मधात पडते, तिला पडू द्यावे.

तिसरे, आणि हे ताईला वाचून दाखवू नये. माझा राजकारणाशी काडीचा संबंध नाही, हे आपण जाणता. पण ड्यूटी सुटल्यावर ओव्हरटाइम आहे असे वसुंधरेला सांगून मी सायकलीने बोरसीला जातो आणि नाल्यावर जरा गिट्टी टाकू लागतो. दुर्गच्या काठाने टाकतो, तिथे ओळखीचे कोणी नसते. परवा पाटी रिकामी करून मान वर केली तर समोरच्या काठावर बायांच्या रांगेत वसुंधरा. मला म्हणाली होती, भजनाला जाते. डोक्यावर घमेले होते, पदर खोचलेला. तिने मला पाहिले, मी तिला पाहिले. आम्ही ओळख दाखवली नाही. घरी आल्यावर तिने विचारले, ओव्हरटाइम कसा होता? मी म्हटले, बरा होता, भजन कसे झाले?