टॉवेलवरचा गुलाबी डाग

प्रिय आई,

तुम्हाला दिलेला शब्द मी गेल्या शनिवारी मोडला. इतकी वर्षं सांभाळला होता, तुम्ही असतात तर पुढेही सांभाळला असता. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहायला बसले आहे. रागवायचं तर रागवा. तुमचा राग तसाही चहा उकळेपर्यंतच टिकायचा.

झालं असं. मेलबर्नचा लॉकडाऊन एकदाचा उठला, शहराबाहेर जायची परवानगी मिळाली आणि आमच्या टार्निट उपनगरातले निम्मे लोक समुद्राकडे धावले. आम्ही तिघं मात्र उलट्या दिशेला, आमच्या जुन्या युनिव्हर्सिटीकडे, युनिकडे निघालो. कल्पना माझी. निखिल म्हणाला, "तिथे आता काय आहे?" मी म्हटलं, "आपला पहिला फ्लॅट, पहिलं भांडण, पहिली रेवा." "रेवा एकच आहे," असं म्हणून तुमच्या लेकाने गाडी काढली.

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. मे महिन्यात तुम्ही गेलात तेव्हा इथून विमान नव्हतं. अंत्यविधी दिसावा म्हणून मामेभावाने पुण्यातून व्हिडिओ कॉलवर फोन धरला होता. निखिलने ते उभ्यानेच पाहिलं, आंघोळ केली आणि ऑफिसच्या मीटिंगला बसला. तेव्हापासून तुमचं नाव त्याच्या तोंडून आलं नव्हतं. रोज सकाळी तुमच्या फोटोला गंध लावायचा, उदबत्ती ओवाळायची आणि लॅपटॉप उघडायचा. अकरावीत असताना बाबा गेले, तेव्हाही तो असाच मिटून गेला होता असं तुम्हीच सांगायचात. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली होती. म्हणून म्हटलं, जिथे तुम्ही आमच्याबरोबर सहा महिने राहिलात तिथेच त्याला न्यावं.

आई, युनि ओळखू येत नाही हो. परदेशी मुलं सीमा बंद असल्यामुळे आलीच नाहीत. ज्या कॅफेत निखिलने मला लग्नाचं विचारलं, त्याच्या दाराला कुलूप. (विचारलं म्हणजे काय, "पार्टनर व्हिसा स्वस्त पडतो का बघायला हवं" असं म्हणाला होता. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही पदर तोंडाला लावून हसला होतात.) तळ्यातली बदकं तेवढी पूर्वीसारखीच उर्मट. मास्क लावून आम्ही सगळीकडे फिरलो, लायब्ररीच्या काचेला नाक लावून आत पाहिलं. निखिल रेवाला गमतीजमती सांगत होता. तुमचं नाव नाहीच.

मग आम्ही मागच्या बाजूला गेलो, मुलंबाळं असलेल्या विद्यार्थ्यांच्या फ्लॅट्सकडे. मधल्या हिरवळीवर ती कपडे वाळत घालायची छत्रीसारखी फिरणारी दांडी अजून उभी आहे. निखिल तिच्यापाशी थांबला. "आपण हे काय बघतोय?" मी काही बोलायच्या आत रेवाने विचारलं. "डॅड, इट्स लिटरली अ क्लोथ्सलाइन."

निखिल म्हणाला, "हो. आजीला मी ऑस्ट्रेलियात एवढंच दाखवलं. सहा महिने ती इथे तुझी दुपटी वाळत घालत होती." आणि मग माझ्याकडे न बघता, "म्हणूनच ती परत आली नाही."

आई, मला सांगा, मी काय करायला हवं होतं? मी तुमच्या शब्दाला जागले असते तर तो माणूस आयुष्यभर तेच धरून बसला असता. मी रेवाला बदकांकडे पिटाळलं आणि त्याला त्या जानेवारीतल्या संक्रांतीची गोष्ट सांगितली.

आठवतो ना तो उकाडा? तिळगुळाच्या वड्या काही केल्या पडेनात. तुम्ही म्हणालात, चमच्याने वाटू. हळदीकुंकवाचा घाट तुमचाच, आणि वाणही तुम्हीच ठरवलंत, कपड्यांचे चिमटे! त्या दांडीवर कुणाचे चिमटे कुणाकडे राहायचे नाहीत, त्यावरून रोज कुरबुर चालायची. प्रत्येकीला एक पाकीट दिलं की भांडण मिटेल, असा तुमचा हिशेब. पण करंडा माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, "तू लाव. मी आत आहे."

मी करंडा घेतला. पुण्यातलं मला ठाऊक होतं. बाबा गेल्यापासून शेजारपाजारी हळदीकुंकू असलं की तुम्ही नेमक्या त्या संध्याकाळी लायब्ररीत पुस्तक बदलायला जायचात. कुणी जा म्हणत नव्हतं, पण ये असंही म्हणत नव्हतं.

बायका जमल्या आणि रेवाने भोकाड पसरलं. मी तिला पाजायला आतल्या खोलीत गेले आणि जाताना करंडा शेजारच्या मारिसोलला दिला. चिलीची मारिसोल. तुम्ही तिच्याशी मराठीत बोलायचात, ती तुमच्याशी स्पॅनिशमध्ये, आणि दोघींचं कधी काही अडलं नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "सगळ्यांना लाव." सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना! नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता, तिने त्यालाही सोडलं नाही. तो "नो वरीज" म्हणाला, तिळगूळ खाल्ला आणि कपाळ तसंच घेऊन पुढच्या फ्लॅटला गेला.

मग ती स्वयंपाकघरात गेली. दार उघडं होतं, मला दिसत होतं. तुमचे दोन्ही हात गुळाने बरबटलेले. तुम्ही मान मागे घेतलीत, "अगं, मला नको," म्हणालात. पण तिला मराठी कुठे येत होतं? तिने आधी हळद लावली, मग कुंकू लावलं, चांगलं रुपयाएवढं, आणि तुमच्या गालाचा मुका घेऊन निघून गेली.

आता तुम्ही पुसाल, म्हणून मी बघत राहिले. तुम्ही हात धुतलेत. हात पुसलेत. कपाळाला हात लावला नाहीत. संध्याकाळी रेवाची गाडी ढकलत तळ्याला चक्कर मारून आलात, एरवी एक मारायचात, त्या दिवशी किती मारल्यात कोण जाणे. भेटेल त्याला "हॅलो" म्हणत होतात, असं मारिसोल सांगत होती. निखिल लॅबमधून यायच्या आत तोंड धुतलंत आणि मला म्हणालात, "त्याला सांगू नकोस. त्याला बाबांसाठी वाईट वाटेल. आणि पुण्यात तर मुळीच नको." मी हो म्हटलं. हाच तो शब्द.

निखिल हे सगळं दांडीला धरून ऐकत होता. माझं सांगून संपलं तशी त्याने माझ्याकडे पाठ केली. मला वाटलं, झालं, उलटंच झालं. मग म्हणाला, "तो टॉवेल."

"कुठला?"

"पांढरा. गुलाबी डाग पडलेला. मी आईला विचारलं तर म्हणाली, रेवाने काहीतरी सांडलं. रेवा तेव्हा मान धरत नव्हती, केतकी! ती काय सांडणार?" आणि तो हसायला लागला. "इतकी वर्षं मी त्याने गाडी पुसतोय." हसता हसता कधी रडायला लागला ते कळलंच नाही. मास्क पार भिजला. रडून झाल्यावर एकच विचारलं, "शोभत होतं का गं तिला?"

फार शोभत होतं आई. तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं.

मुक्कामाच्या मोटेलवर परत जाताना त्याने विचारलं, मग ती परत का नाही आली? त्याचं उत्तर मलाही त्याच दिवशी सापडलं. आम्ही टार्निटला घर घेतलं तेव्हा तो तुम्हाला फोनवर आमिष दाखवायचा, "आई, इथे सगळी आपलीच माणसं आहेत! समोर मराठी, शेजारी मराठी, तुला एकटं वाटणारच नाही." आणि तुम्ही म्हणायचात, "बघू, गुडघे काय म्हणतात." तुमचे गुडघे पर्वती चढायचे, आई. आपली माणसं आली की आपले नियमही आले, हे तुम्हाला कळलं होतं, आम्हाला नाही. पण एकदा तोंडाने म्हणायचंत तरी! मी काय ऐकलं नसतं का? एवढी एक तक्रार माझी तुमच्यावर राहील.

आणि तुमचं खरंच होतं हो. समोरच्या मंदारची आई सीमा बंद व्हायच्या आधी आली, ती इथेच अडकली. गेल्या संक्रांतीला आमच्या गल्लीतल्या बायका अंगणात मास्क लावून जमल्या, तेव्हा त्या नातवाला घेऊन पार्कमध्ये गेल्या होत्या. मी त्यांना जाताना पाहिलं आणि हात हलवला. तुमची लायब्ररी तेव्हा मला आठवली नाही.

सोमवारी सकाळी मी रेवाचा डबा भरत होते. निखिलने हाक मारली, "करंडा कुठे आहे गं?" मी नेऊन दिला. त्याने तुमच्या फोटोच्या काचेवरचं गंध पुसलं आणि कुंकू लावलं. त्याला कुठे येतंय नीट लावता? मारिसोलइतकंच मोठं लागलं, थोडं नाकावर सांडलं. मग तिथेच खाली बसून रेवाला तुमच्या गोष्टी सांगत बसला, शाळेला उशीर होईपर्यंत.

आता मीही एक शब्द देते, आणि हा मोडणार नाही. येत्या संक्रांतीला हळदीकुंकू आपल्या घरी, वाण चिमट्यांचंच. मंदारच्या आईंकडे मी स्वतः जाऊन विचारीन, लावू का म्हणून. हो म्हणाल्या तर पहिलं कुंकू त्यांना. नको म्हणाल्या तर माझ्या शेजारी बाहेर बसवीन, आत स्वयंपाकघरात नाही.

आणि आई, कपाळावरचं राहू द्या. निखिल यायच्या आत तोंड धुवायला नको. त्यानेच लावलंय.

तुमची,
केतकी