वर्गणी तात्यांची, पत्र माझं

प्रिय तेजू,

फोन केला असता तर तू "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणाली असतीस, आणि तू मोकळी होईपर्यंत माझा धीर गेला असता. म्हणून हे पत्र. इकडे सगळं छान आहे, कांदा निघाला, आणि तुझी आई अवसरीत प्रसिद्ध झाली आहे. हसू नकोस. म्हणजे आधी तुझे तात्या प्रसिद्ध झाले, मग मी. तीच गंमत सांगते.

आपल्याकडे मठाचं मासिक येतं ना, ज्याची तू वह्यांना कव्हरं घालायचीस, त्यात साधकांना उपदेश करणारं एक पान असतं. फाल्गुनाच्या अंकात त्या पानावर लिहिलं होतं, संकटात बायकांसारखे रडत बसू नका. खाली, नामस्मरणाला लाजता, हातात बांगड्या भरल्यात काय? आणि साधकाने लांब ठेवायच्या गोष्टी कोणत्या, तर दारू, जुगार आणि स्त्री. मी गहू निवडत वाचत होते, ताट बाजूलाच ठेवलं. सप्ताहात पहाटेपासून चुलीपुढे आम्ही, मंडप झाडायला आम्ही, आणि छापायची वेळ आली की आमची जागा जुगाराच्या शेजारी! त्या तिरमिरीतच दोन पानं लिहिली. खाली ठसठशीत "शीला" अशी सही केली. पत्रावर वर्गणीदार क्रमांक घालावा असं मासिकात दर वेळी बजावलेलं असतं, म्हणून तोही घातला. गावच्या पोस्टात टाकलं असतं तर ते मठाला पोचायच्या आधी तात्यांना पोचलं असतं. मग बचत गटाच्या कामाला घोडेगावला गेले, तेव्हा तिथल्या पेटीत टाकलं आणि कुणाला काही बोलले नाही.

एकादशीला देवळात नवा अंक मोठ्याने वाचायचा रिवाज तुला माहीत आहे, आणि तो मान तात्यांच्या आवाजाचा. चैत्राचा अंक त्यांनी तिथेच उघडला. वाचकांच्या पत्रांत पहिलंच माझं! मला असा ठसका लागला की शेजारच्या धोंडाबाईंनी पाणी दिलं. तात्या रंगात आले होते. "हातात बांगड्या भरल्यात काय, असं विचारणाऱ्यांनी ज्या हातची भाकरी खाल्ली त्या हातात काय होतं ते आधी पाहावं," हे वाक्य तर लोकांनी दोनदा वाचायला लावलं. बाया पदराआड हसत होत्या, एरवी डुलक्या घेणारे भिकाअण्णा ताठ बसले होते. मग तात्या शेवटच्या ओळीशी येऊन अडखळले, तेव्हा भिकाअण्णांनीच अंक ओढून घेऊन नाव मोठ्याने वाचलं. खाली माझ्या नावाऐवजी तात्यांचंच छापलं होतं, श्री. भिमाजी, अवसरी खुर्द.

एकच गलका झाला. "लई भारी लिव्हलंय राव! घरात ठेवलं व्हतं व्हय येवढं डोकं?" तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या हातात नारळ दिला, आणि तेजू, त्यांनी तो घेतला! मला इतका राग आला म्हणून सांगू. जन्मात पहिल्यांदा मी काही चारचौघांसाठी लिहिलं, आणि ते बोलणं माझं आहे हे गावात कुणालाच कळू नये? घरी येऊन मी भांडी अशी आपटली की कुत्रं अंगणाबाहेर गेलं. तात्या म्हणाले, "तू लिव्हलंस व्हय?" मी म्हटलं, नाही, तुम्हीच झोपेत लिहिलंत. मग दोन दिवस एक शब्द बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच इस्त्रीचा शर्ट घालून उभे. म्हणाले, चल जुन्नरला. मासिकाच्या कचेरीत संपादक चांगले वयस्कर, वागायला गोड. त्यांनी वही काढून दाखवली. क्रमांकापुढे ज्याचं नाव त्याचं पत्र, अशी त्यांची जुनी पद्धत. शीला ही सही त्यांनी पाहिली होती, पण त्यांना वाटलं, नवऱ्याने सांगितलं आणि बायकोने उतरवून घेतलं. मी तोंड उघडणार इतक्यात तात्या म्हणाले, "वर्गणी माझी हाय सायेब, अक्कल तिची हाय. मला तर सातबाराचा अर्ज बी धड लिवता येत न्हाई." मला हसू आवरेना. संपादकही हसले, दोन्ही हात जोडून चूक झाली म्हणाले. येताना तात्यांनी ओझरला गाडी वळवली आणि गणपतीपुढे उभं राहून माझी माफी मागितली. देवासमोर का, तर म्हणे साक्षीदार असलेला बरा.

वैशाखाच्या अंकात दुरुस्ती आली, माझ्या नावासकट. तात्यांनी ती एकादशीला तशीच खणखणीत वाचली, आणि आधीचा नारळ सगळ्यांदेखत मला दिला. मी इतकी खूश होते की घरी येईपर्यंत पाय जमिनीवर ठरले नाहीत. धोंडाबाई म्हणतात, "शीला, आता माझं बी एक लिव, मला लिवता येत न्हाई पर बोलायला लई येतं."

पण त्या नारळाने मला झोपू दिलं नाही, तेजू. लोकांनी दोनदा वाचायला लावलेलं ते वाक्य माझं नाहीच. चौदा वर्षांची होतीस तू. सप्ताहाच्या मंडपात बुवा बांगड्यांवरून बोलले तेव्हा तू ताडकन उभी राहून ते म्हणालीस, आणि मी तुला चिमटा काढून खाली बसवलं, वर त्यांच्या पाया पडून माफी मागायला लावली. त्या बुवांपेक्षा मीच तुझी मोठी अपराधी आहे. तुझं तोंड मी बंद केलं आणि तुझंच वाक्य स्वतःच्या नावावर छापून घेतलं. परवा मी संपादकांना हे सगळं लिहून पाठवलं. त्यांचा फोन आला की ज्येष्ठाच्या अंकात आनंदाने छापू, पण मुलीचं नाव कसं घालायचं, माहेरचं, सासरचं की नुसतंच? मी म्हटलं, ते मी कोण सांगणार, तिलाच विचारते. तर कळव. आणि ज्येष्ठातल्या पहिल्या एकादशीला ये. तात्या वाचत वाचत त्या वाक्यापाशी थांबणार आहेत, ते तू उभी राहून म्हणायचं आहेस. या वेळी मी तुझ्या शेजारी उभी असेन.

वाट पाहणारी, तुझीच
आई