मामा, सही करून टाका

पाइक तळ्याकाठची तुमचीच खोप,
जानेवारी. वार बहुधा बुधवार.

तीर्थस्वरूप मोडेस्टमामा यांस,

भाचा गॅस्पार वाकून नमस्कार करतो. अर्धाच वाकतो, कारण पुढे जायला कंबर राजी नाही. तुमचा नवा गुडघा काय म्हणतो? इस्पितळात मूसचं मांस देत नाहीत आणि जेली मात्र रोज देतात, असं कळलं. देव तुम्हाला धीर देवो आणि नर्सबाईंना तुमच्यापासून संरक्षण.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. तुमच्या रानातल्या व्हिस्कीजॅक पाखराने माझा साबण पळवला. बॅनक भाकरीचा तुकडा नेला असता तर मी ब्र काढला नसता, तो त्याचा हक्कच आहे. पण साबण! नवी कोरी वडी. ‘परत येताना निदान माणसासारखा वास येऊ दे,’ असं म्हणून तुमच्या भाचेसुनेने, फिलोमेनने, माझ्या पिशवीत घातलेली. चोराने ती माझ्या डोळ्यांदेखत स्प्रूसच्या सालीमागे खुपसली. पूर्वी पानगळीत दडवलेलं खाणं या पाखरांना वसंतापर्यंत पुरायचं. हल्ली मध्येच ऊब येते आणि सगळी साठवण सडते. तेव्हा न सडणारी वस्तू बघून घेतली असणार. (एवढा दूरचा विचार आमच्या गावसभेने केला असता तर मी तिला स्वतः साबण वाटला असता.)

असो. तुम्ही मला पाठवलंत ते साबणासाठी नव्हे. तुमचे शब्द होते : ‘वनखात्याचं हेलिकॉप्टर म्हणतं, माझ्या फाशांच्या रानात कॅरिबूंचे कळप शून्य. तू पाइनच्या टेकाडावर जाऊन बघ. तुलाही दिसले नाहीत तर महिनाअखेर रान सोडल्याच्या कागदावर सही करतो. मग लाकूडवाले रस्ता काढोत नाहीतर नाचोत.’ मी फिलोमेनला म्हटलं, दोन दिवसांत येतो. ती म्हणाली, “अहो, तुम्हाला दुकानातून मीठ आणायला दोन दिवस लागतात. मोजे चार जोड घ्या.”

चारही जोड पहिल्याच तासात भिजले. जानेवारीत पाऊस पडला होता, मामा! पाऊस! त्यावर भुसभुशीत बर्फ पडून सगळं कसं छान झाकलं गेलं, आणि खाली, तळ्याच्या घट्ट बर्फाच्या पाठीवर, गुडघाभर राड. बर्फगाडी तळ्याच्या मधोमध म्हशीसारखी बसली. (म्हैस निदान उठते.) मी खोपीपर्यंत मैलभर चालत आलो. विजारीची गोठून दोन नळकांडी झाली होती आणि बोटं कुणा दुसऱ्याची असावीत तशी वागत होती. दार ढकललं तर तुमची चूल गेल्या वसंतापासून रचलेली : खाली बर्चची साल, वर चाकूने काढलेल्या ढलप्या, त्यावर बारीक काटक्या, मग फोडलेली लाकडं, आणि खिळ्यावरच्या डबीत काडी. एकदाच घासली आणि चूल पेटली. तेव्हा मी तुम्हाला उद्देशून जे बोललो ते इथे लिहीत नाही. म्हातारी माणसं लाडावतात.

पुढचे चार दिवस गाडी कुऱ्हाडीने खोदून काढण्यात आणि तुमची लाकडं जाळण्यात गेले. टेकाडावरही जाऊन आलो. पावसाचं पाणी गोठून कॅरिबू खातात त्या दगडफुलावर काचेचं झाकण बसलंय. मी कुऱ्हाड घालून फोडलं. खुराने कोण फोडणार? माग एकही नाही. उलट दक्षिणेकडची हरणं येऊन राहिलीत, न बोलावलेल्या पाहुण्यांसारखी, आणि त्यांच्या मागोमाग लांडगे, पाहुण्यांच्या पाहुण्यांसारखे.

मामा, सही करून टाका. मी बावन्न वर्षांचा झालो. थंडी पडत नाही म्हणून कंटाळलो आणि पडली की तिलाही कंटाळतो. शून्याला शून्य म्हणायला हेलिकॉप्टर पुरे आहे. मी पुन्हा या रानात पाय ठेवणार नाही, हे लेखी घ्या.

आपला थकलेला भाचा,
गॅस्पार

ता.क. (घरून, शनिवारी) : पत्र खिशात घालून गुरुवारी निघालो. तळं ओलांडलं आणि आठवलं. चूल रचली नव्हती. तुमची सगळी लाकडं जाळून, राख तशीच टाकून, दार ओढून आलो होतो. पाहणारं कुणी नव्हतं. पण आपल्यात माणूस खोटं बोलला तर चालतं, दुसऱ्याचा फासा उपसला तर फार तर दोन हिवाळे बोलणं बंद होतं; रिकामी चूल सोडून गेलेल्याच्या मात्र नातवालाही लोक ओळख देत नाहीत. शिव्या देत गाडी वळवली. तर माझी गाडी रुतली होती त्या खड्ड्याभोवती करडे ओंडके पडलेले. म्हटलं, हे सकाळी नव्हते. ओंडके उठून उभे राहिले. सात मोठे कॅरिबू आणि गेल्या उन्हाळ्यातलं एक पिल्लू. ज्या राडीला मी चार दिवस शिव्या घातल्या ती चाटत होते. पिल्लाने माझ्याकडे असं पाहिलं की मीच टोपी काढली.

ता.क. दुसरा : तेव्हा सही करू नका. कागद यायचाच असेल तर दुसरा यावा, रानाचा मदतनीस म्हणून एक नाव घालता येतं तो. त्यात माझं घाला. (फिलोमेन म्हणते, “घाला की! तेवढीच घरात शांतता.”) हेलिकॉप्टरवाल्यांसाठी पुरावा म्हणून लेंड्या आणल्यात, कॉफीच्या डब्यात, फ्रीझरमध्ये. हे तिला कळवू नका.

ता.क. तिसरा : चूल रचून आलो. लाकूड दाराशी छातीइतकं आहे, फोडलेलं. तुमची एक काडी मी वापरली होती. डबीत दोन ठेवल्यात.